पासलीच्या वाटेपुरतं पेट्रोल

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

पेट्रोल वाढलं. थोडंथोडकं नाही, पार डोक्यावरून गेलं. ह्यांनी रेडिओवर ऐकलं, चहा तसाच ठेवला आणि अंगणात जाऊन गाडीकडे बघत उभे राहिले. घरात कोणी आजारी पडल्यासारखे.

मला विचाराल तर — पण मला विचारतो कोण! सात वर्षं झाली ह्या स्टेशन वॅगनला. अख्ख्या भोरात असली दुसरी नाही, हे ऐकून ऐकून कान किटले. मागं दोन बाकं, खिडक्यांना पडदे, आठ माणसं पाय पसरून बसतात. भातगिरणी जोरात चालली त्या साली पुण्याहून आणली. तेव्हापासून ह्या घरातली थोरली सून तीच. आधी तिचं खाणं, मग आमचं. लिटरला सात किलोमीटर देते म्हणे, घाटात त्याहून कमी. शिवाय तेल वेगळं, टायर वेगळे, दर पावसाळ्यानंतर ब्रेकचं काम वेगळं. नाकापेक्षा मोती जड.

आणि तिच्यात बसतं कोण? भावकी. लग्न निघालं — गाडी. म्हातारं पडलं — गाडी. ह्यांच्या तोंडून नाही म्हणून निघतच नाही. पेट्रोलचे म्हणून लोक तांदूळ आणून देतात, पायली, दोन पायली. तांदळावर गाडी चालत असती तर आम्ही एव्हाना काशीला जाऊन आलो असतो.

९ नोव्हेंबर

रखमाजीला नवे नियम. रखमाजी म्हणजे आमचा ड्रायव्हर. आधी गिरणीत होता, गाडी आली तशी गाडीवर आला. आमच्या लेकीला, अंजीला, शाळेत सोडणं-आणणं त्यानंच केलं. तिला गाडी लागायची तर खिशात चिंच घेऊन यायचा.

तर नियम : गाडी सावकाश हाकायची. उतार लागला की इंजिन बंद. वाटेत कोणी हात केला तरी थांबायचं नाही, कारण थांबलेली गाडी पुन्हा उचलायला पेट्रोल जास्त जातं. "व्हय मालक," "व्हय मालक" म्हणत रखमाजी ऐकत होता.

न थांबायचा नियम दुपारपर्यंत टिकला. सारोळ्याच्या पंपावरून येताना ह्यांनीच कुणाला तरी हाक मारून बसवून घेतलं.

१७ नोव्हेंबर

अंजीच्या सासरचा, पासलीचा गेनू भात भरडायला घेऊन आला होता. अंगणात पाणी पिता पिता म्हणाला, "वैनी, अंजाबाईला दिस गेल्यात. पाचवा सराय आलाय. तुमास्नी ठावं न्हाई?"

नाही. ठाऊक नाही. पोटच्या पोरीची पहिली खबर मला भाताच्या पोत्याबरोबर कळते!

आत येऊन देवापाशी साखर ठेवली. मग तिथंच बसून राहिले. आनंद झाला की रडू आलं ते माझं मलाच कळेना.

१८ नोव्हेंबर

रात्री ह्यांना सांगितलं होतं. ऐकून घेतलं. सकाळी दात घासता घासता उत्तर दिलं — "गाडी पासलीला जाणार नाही."

गेल्या वैशाखातलं अजून ह्यांच्या मनात आहे. अंजीच्या लग्नाला वऱ्हाड घेऊन गाडी पासलीला निघाली, हौसेनं हेच चालवत होते, आणि गावाच्या अलीकडच्या खिंडीत चढावर अडली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेवटी व्याह्यांनी बैल पाठवले आणि गाडी बैलांनी ओढत मांडवापुढं नेली. तिथं विहीणबाई, अक्काबाई, आरतीचं ताट घेऊन उभ्या. सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "इवाई, गाडी लई झ्याक हाय. पर बैलांबिगार पासलीला कुनी येत न्हाई."

लोक हसले. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. थट्टाच होती. लग्नात विहिणीनं थट्टा करायची नाही तर कुणी करायची? पण ह्यांच्या वर्मी बसली. गाडीला बोललं म्हणजे ह्यांना बोललं. त्या दिवसापासून पासलीचं नाव नाही. दिवाळीला लेक-जावयाला बोलावणं नाही. त्यांनीही मग कळवणं सोडलं. दोन्ही घरं ताठ, आणि मधे माझी पोर.

पहिलं बाळंतपण माहेरचं. आणि माहेराहून मुराळी न्यायला गेल्याशिवाय लेक यायची नाही. हे ह्यांना मी सांगायला हवं?

२ डिसेंबर

गेनू पुन्हा आला. अंजीच्या पायांवर सूज आहे. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बैलगाडीत अजिबात बसायचं नाही, त्या रस्त्यानं तर नाहीच. आणि पासलीहून वेल्ह्यापर्यंत बैलगाडीशिवाय दुसरं आहे काय? एसटी तिथवर जात नाही.

भाड्याची गाडी करावी म्हटलं तर पुण्याचा टॅक्सीवाला खिंडीचं नाव ऐकूनच हात जोडेल. आणि दारात एवढी गाडी उभी असताना लेक भाड्याच्या गाडीतून आणली, तर लोक काय म्हणतील ते वेगळंच.

आमच्या गाडीत पाय पसरून झोपवत आणता येईल तिला. एवढ्या वर्षांत त्या बाकाचा कधी काही उपयोग झाला तर तो आताच.

सातव्यात आणायला हवी. आठव्यात तर हलवत नाहीत. सातव्यापर्यंत ह्यांचं मन वळलं तर ठीक. पण मन वळलं त्या दिवशी टाकी रिकामी असली तर? ती नेहमीच रिकामी असते. टाकीत जे असतं ते भावकीचं.

४ डिसेंबर

केलं एकदाचं. हे गिरणीत असताना रखमाजीला परसात बोलावलं. म्हटलं, पंपावरून भरून आणलंस की दर वेळी थोडं काढून मला द्यायचं. पासलीला जाण्यायेण्यापुरतं साठेपर्यंत. ह्यांना कळता कामा नये.

तो पायरीवर टेकला. मान खाजवत बसला. मला वाटलं, नाही म्हणतो की काय.

"वैनी, मालकांस्नी तुमीच का सांगत न्हाई?"

"सांगून उपयोग असता तर तुला सांगितलं असतं का? अंजीची शपथ आहे तुला."

शपथ म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. "ही शपत नका घालू," म्हणाला. पण मी घातली ती घातली. "बरं," म्हणाला आणि उठला.

रॉकेलचा रिकामा डबा दिला. कोठीत तांदळाच्या कणगीमागं ठेवलाय. वास येईल ही भीती नाही. गिरणीच्या कोंड्यानं ह्यांचं नाक कधीच बंद पडलंय, दूध करपलं तरी कळत नाही.

८ डिसेंबर

पहिलं पेट्रोल आलं. रखमाजी नळी टाकीत घालून तोंडानं ओढतो. तोंडात जातंच. चूळ भरायला पाणी दिलं, वर गुळाचा खडा.

"तोंडाची चवच गेली वैनी," म्हणाला. एवढ्याशानं?

१५ डिसेंबर

गाडी लिटरला पाचच द्यायला लागली, म्हणून ह्यांना जेवण जाईना. मी खाली मान घालून वाढत होते.

मानसिंग मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्यानं कार्बोरेटर खोलला, फुंकला, परत बसवला. म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही. त्याचेही पैसे झालेच! पेट्रोल वाचवायला मिस्त्री आणि मिस्त्रीला द्यायला पुन्हा गिरणी.

१९ डिसेंबर

आज मागचं एक बाक काढून माळ्यावर टाकलं. वजन कमी म्हणजे खाणं कमी. पडदेही काढले. मी विचारलं, पडद्यांचं कितीसं वजन? तर म्हणाले, "थेंबे थेंबे तळे साचे."

थेंबांचं मला नका सांगू!

एक बाक राहिलंय. अंजीला तेवढं पुरे.

२८ डिसेंबर

आता लिटरला चारच.

मानसिंगनं प्लग बदलले, टाकी खालून हात फिरवून पाहिली, कुठं गळती नाही. हे स्वतः गाडीखाली पोतं टाकून आडवे झाले. पन्नाशीतला माणूस, पाठीला ग्रीस, तोंडाला धूळ. बाहेर आले ते बराच वेळ रखमाजीकडे बघत राहिले.

पण एक गोष्ट माझ्याही डोक्यात बसत नाही. मी एवढं काढत नाही. माझा डबा अजून अर्ध्यावरही नाही. मग बाकीचं जातं कुठं?

वाईट विचार येतो. माझ्यासाठी काढतो, तसं रखमाजी स्वतःसाठी... सारोळ्याला ट्रकवाले घेतातही म्हणे. छे. त्याच्या हातावर अंजी वाढली. पण विचार आला तो आला.

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. सातवा महिना सरत आला. तिळगूळ हातावर ठेवताना ह्यांना विचारलं, "आणायचं ना अंजीला?"

"त्यांच्याकडून कोणी आलं का तिळगूळ घेऊन?"

"मुलीच्या बापानं आधी जायचं असतं."

"बैल पाठवायला सांग त्यांना. बैलांचं कौतुक आहे ना!"

मी तिळगुळाची वाटी पुढ्यातून उचलून आत आणली. एवढाच माझा राग. ह्या घरात माझ्या रागाची मजल वाटी उचलण्यापर्यंतच.

पुढच्या आठवड्यात आठवा लागेल. मग नवव्यापर्यंत हलवता येणार नाही.

२२ जानेवारी

रखमाजीला काढून टाकलं.

सकाळी अंगणात. हे ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत काढतोस, तर माघारी किती काढत असशील?" डोळ्यांदेखत कुठं काढलं त्यानं? रागात माणूस काहीही बोलतो.

रखमाजीनं ह्यांच्याकडे पाहिलं नाही. दारात मी उभी होते, माझ्याकडेही पाहिलं नाही. किल्ली खिडकीत ठेवली. "म्या माझ्यासाठी एक थेंब घेतला न्हाई मालक," एवढंच. टोपी नीट केली आणि गेला.

मी एक शब्द बोलले असते तर थांबला असता. बोलले नाही. डबा डोळ्यांपुढं आला, अंजीचे सुजलेले पाय डोळ्यांपुढं आले, आणि जीभ उचललीच नाही. शिवाय मनात ते होतंच — माझ्यापेक्षा जास्तीचं जातंय, ते कुणी घेतलं?

२३ जानेवारी

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर घरात भाकरी थापतोय.

१० फेब्रुवारी

गाडी अंगणात उभी. नवा ड्रायव्हर ठेवायचं नाव नाही. हे चालवतात, पण बाजारापलीकडे जात नाहीत. भावकी एक-दोनदा आली, हात हलवत परत गेली. सात वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी कुणाला तरी नाही म्हटलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कोंबड्या टपावर बसतात. पेट्रोलच्या काट्यानं तर केव्हाच मान टाकली आहे, टाकीत आहे की नाही ते काठी घालून बघायचं.

पानशेतचा एकजण गाडी विकत मागायला आला. धरण बघायला पुण्याची माणसं येतात, त्याची तिथं खानावळ आहे. भाव बरा देत होता. मी आतून देवाला हात जोडले — अंजी आली की जाऊ दे ही बया! हे म्हणाले, "एप्रिलनंतर या." का, एप्रिलमध्ये काय पेट्रोल फुकट वाटणार आहेत? नुसता हट्ट.

२० फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. घरात आम्ही दोघंच, बोलायला काही नाही. वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज. तो पट्टाही आता तुटायला आलाय.

रखमाजी बाजारात दिसला. हमाली करतो. डोक्यावर पोतं होतं, म्हणून त्यानं मला पाहिलं नसेल. असं धरून चालते.

४ मार्च

थकले आहे. दुसरं काही नाही.

६ मार्च

काल जे झालं ते आज लिहिते. काल लिहिण्याएवढा जीव उरला नव्हता.

सकाळी हे पहिल्या एसटीनं पुण्याला गेले, गिरणीचा पट्टा आणायला. ते गेले आणि गेनू आला. भात नव्हतं बरोबर. नुसताच आला, चालत वेल्ह्यापर्यंत आणि पुढं एसटीनं. "वैनी, अंजाबाईला घेरी आली. तोंड सुजलंय. डोळ्याम्होरं अंधारी येती म्हनती. अक्काबाईनं धाडलंय मला. म्हनल्या, मान-बिन ऱ्हाऊ द्या, पोरीला दवाखान्यात न्या."

अक्काबाईंनी निरोप धाडला म्हणजे गोष्ट साधी नाही.

मला गाडी येत नाही. हे संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. आले तरी त्यांच्या हातून ती खिंड चढत नाही. ती खिंड चढवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो नदीपलीकडे राहतो. गेले. चपलांचंही भान नव्हतं. तो अंगणात दोर वळत होता. मला बघून उभा राहिला.

काय बोलायचं ते येताना पाठ केलं होतं. तोंडातून फक्त "अंजी" निघालं.

"किल्ली कुठाय?" एवढंच विचारलं त्यानं.

कोठीतला डबा काढला. पाऊणच भरला होता. जाण्यापुरतं नक्की, येण्यापुरतं देव जाणे. त्यानं टाकीत ओतला. मग म्हणाला, पाना आणतो गिरणीतून, आणि गेला. मी तोवर गोधड्या, पाण्याची कळशी, उशी गाडीत टाकली. आला तो गाडीच्या मागून आला. खटपट करत होता काहीतरी. मी घाई करत होते — "चल रे, चल."

नसरापूर गेलं. वेल्हं आलं, वर तोरणा. मी नुसतं इंजिन ऐकत होते. आता खोकलं, आता बंद पडलं. वेल्ह्याच्या पुढं रस्ता म्हणजे नुसते दगड. खिंडीपाशी त्यानं गाडी थांबवली, उतरला, चढाव पायी जाऊन बघून आला. चाकांखालचे मोठे धोंडे बाजूला केले. मग बसला आणि पहिल्या गेअरमधे घातली ती वर निघाल्यावरच सोडली. न थांबता. बैल नाही, काही नाही.

अक्काबाई ओट्यावरच होत्या. गाडी आपल्या पायांनी आलेली त्यांनी पाहिली. माझा हात धरला. सोडलाच नाही. इतके महिने ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या ती माझ्याएवढीच घाबरलेली होती.

अंजीला पाहिलं. चेहरा ओळखू येत नव्हता. "आई, आण्णा आले?" हेच पहिलं. म्हटलं, कामात आहेत गं.

निघताना अक्काबाईंनी विचारलं, "मुराळी कोन?" रीत आहे ती. मुराळ्याला मान दिल्याशिवाय लेक निघत नाही. बाईमाणूस मुराळी जात नाही. मी म्हटलं, "रखमाजी."

त्यांनी त्याला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, गुळाचा खडा हातावर ठेवला. रखमाजी टोपी हातात धरून बसला होता. डोळे भरले होते त्याचे. आणि मी, जिच्यामुळं त्याच्यावर चोरीचा आळ आला ती, शेजारी उभी राहून हा मान बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

येताना अंजी बाकावर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. उतारावर रखमाजीनं इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, "अरे, पेट्रोल?" तर म्हणाला, "ब्रेकवर धक्के बसत्यात वैनी. अंजाबाईला सोसायचं न्हाई." वेल्ह्याला डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, म्हणाले थेट भोरला न्या, थांबू नका. नसरापूर मागं पडलं तेव्हा मी मनात म्हणत होते, आता संपणार, आता संपणार. संपलं नाही. थेट दवाखान्याच्या दारापर्यंत आली गाडी. पाऊण डब्यात! "उतार लई हाय येताना," रखमाजी म्हणाला.

किल्ली माझ्या हातात दिली. अंजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चालता झाला. चहाला थांब म्हणायचंही मला सुचलं नाही.

संध्याकाळी हे दवाखान्यात आले, शेजारच्या फुलाबाईनं सांगितलं म्हणून. अंजीच्या पायाशी बसले. सुजलेल्या पावलावर हात ठेवला. मग विचारलं, "रखमाजीनं आणली?" मी हो म्हटलं. बस.

पेट्रोल कुठून आणलंस, हे विचारलंच नाही. हा माणूस, आणि पेट्रोलचं विचारत नाही!

७ मार्च

अंजीला उतार आहे. दाब खाली आलाय. डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत इथंच ठेवायला सांगितलंय.

हे रात्री गिरणीत जाऊन आले आणि जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, भूक नाही.

१५ मार्च

मुलगी झाली! पहाटे. लहानखुरी आहे पण आवाज खणखणीत. दोघी सुखरूप. नर्सबाईनं माझ्या हातात दिली तेव्हा इतके महिने धरून ठेवलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं.

ह्यांनी पासलीला निरोप धाडला, स्वतः चिठ्ठी लिहून. अक्काबाईंना "या" म्हणून. मी वाचली. त्यात गाडीचा शब्द नाही.

१८ मार्च

अक्काबाई येऊन गेल्या, सुंठ-डिंक घेऊन. बैलगाडी, मग एसटी. हे त्यांना म्हणाले, "परत जाताना गाडी सोडेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "इवाई, एसटीनंच जाते म्या. गाडी पोरीसाठी ऱ्हाऊ द्या." हसल्या. हेही हसले, ओठांच्या कोपऱ्यातून.

गाडी सोडेल म्हणाले, पण सोडणार कोण? रखमाजीचं नाव दोघांच्याही तोंडावर आलं नाही. पेढे सगळीकडे गेले. नदीपलीकडे गेले नाहीत. पुडा बांधून फडताळात ठेवलाय.

अंजी आज घरी आली. आल्या आल्या विचारत होती, "रखमाजीकाका बाळ बघायला का येत नाहीत?" मी दुपटं धुवायला उठले.

२१ मार्च

आज सांगून टाकलं. बारशाचं बोलणं चाललं होतं, मधेच. म्हटलं, "पेट्रोल मी काढत होते. कोठीत डबा होता. रखमाजीला शपथ घालून. अंजीसाठी."

हे उठून गिरणीत गेले. मला वाटलं, झालं, आता महिना महिना बोलायचे नाहीत. परत आले ते हातात एक रिकामा डबा. माझ्या डब्याशेजारी ठेवला. तसलाच रॉकेलचा, तसलीच नळी.

"हा माझा," म्हणाले. "अंजीला दिवस गेल्याचं तू सांगितलंस त्याच आठवड्यापासून. कोंड्याच्या पोत्यांमागं होता. रखमाजीच भरायचा, आणि त्या दिवशी रिकामाही त्यानंच केला. तुला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्याला."

"कुणाची?"

"अंजीची."

अंजी निजली आहे, बाळही. जवळ फुलाबाईला बसवलंय. पेढ्यांचा पुडा घेतला. ह्यांनी सवयीनं किल्लीकडे हात नेला आणि मागं घेतला. निघालोय दोघं रखमाजीकडे. पायी.